लाकडानं द्राक्ष खाल्लं

भाचीचं खरं नाव फक्त तिच्या आईच्या लक्षात राहिलं होतं. बाकी सगळ्यांसाठी ती ठोंबी. हे नाव मामानं ठेवलं, ब्रँडीच्या तळघरात, तीन पेले समोर मांडून. आणि ज्या दिवशी ठेवलं त्या दिवशी तिचं एकही उत्तर चुकलं नव्हतं. पण ही गोष्ट कळायला तिचे निम्मे केस पांढरे व्हावे लागले.

वडील गेले तेव्हा ती एवढीशी होती. आई तिला घेऊन भावाकडे राहायला आली. भाऊ म्हणजे मोठं प्रस्थ. द्राक्षाची ब्रँडी करणाऱ्या एका जुन्या घराण्याचा तो नाकवाला होता. नाकवाला हे काही कुणी थट्टेनं ठेवलेलं नाव नव्हे, तो हुद्दाच होता. भट्टीवाल्यानं भट्टी लावायची, पिंपवाल्यानं पिंपं बांधायची आणि नाकवाल्यानं वास घ्यायचा. कुठली ब्रँडी तयार झाली, कुठलीला अजून वेळ आहे, कुठली कशात मिसळायची, हे त्यानं सांगायचं. ऐकायला सोपं वाटतं. वास काय, कुणीही घेईल. पण एकाच रंगाची ब्रँडी दोन पेल्यांत ओतून डोळे मिटून बसावं, म्हणजे आपलं नाक किती आळशी आहे ते समजतं.

ब्रँडी भट्टीतून निघते तेव्हा ती पाण्यासारखी दिसते आणि नाकात जाळ करते. तिला माणसात आणतं ते ओकचं लाकूड. पिंपात वर्षानुवर्षं पडून राहिली की ती लाकडाचा रंग घेते, गोडवा घेते, शांत होते. लाकूडही फुकट काही देत नाही. त्याच्या अंगातून दरवर्षी थोडी ब्रँडी हवेत उडून जाते. तळघरातले लोक त्याला ‘वरच्याचा वाटा’ म्हणत आणि त्यावरून कधी कुरकुर करत नसत. आणि एक धोका असे. फार काळ ठेवली तर लाकूड डोईजड होतं, द्राक्षाची सगळी चव गिळून बसतं आणि हातात उरतो तो कडवट काढा. त्याला म्हणत, ‘लाकडानं द्राक्ष खाल्लं’.

बहुतेक पिंपं शेवटी एका मोठ्या हौदात रिकामी होत. तिथं सगळ्यांची ब्रँडी एक होई आणि बाटलीवर घराण्याचं नाव लागे. पण क्वचित एखादं पिंप असं निघे की त्यात दुसऱ्याचा थेंब मिसळणं म्हणजे पाप. ते एकटंच बाटल्यांत भरायचं, आणि बाटलीवर घराण्याच्या नावाखाली ते पिंप राखणाऱ्या नाकवाल्याचं नाव छापायचं. मामाच्या आधी कितीतरी नाकवाले होऊन गेले. नाव छापलं गेलं ते फक्त दोघांचं.

मामाला तिसरा व्हायचं होतं.

आई आणि ती राहायला आल्या त्याच हंगामात गारपीट झाली. निम्मी बाग झोडपली गेली, आणि उरलेल्या घडांत, जणू मेलेल्या घडांचा वाटाही त्यांनाच मिळाला, अशी गोडी उतरली. त्या द्राक्षांची ब्रँडी मामानं एका पिंपात वेगळी काढली. तळघराच्या कोपऱ्यात, जिथं भिंतींवर काजळीसारखी बुरशी चढते, तिथं ते पिंप ठेवलं. बूच बसवताना त्यानं लाकडी हातोडी भाचीच्या हातात दिली.

“मार. शेवटचा ठोका तुझा.”

तिनं दोन्ही हातांनी हातोडी उचलून ठोका मारला. सगळे हसले, मामाही हसला. मामाकडून मिळालेलं लाडाचं म्हणावं असं तेवढंच. बाकी सगळं आयुष्य ती त्या एका ठोक्यावर तग धरून राहिली.

थोडी मोठी झाल्यावर तीही तळघरात जाऊ लागली. पिंपं पुसायची, कुठं पाझरतंय का बघायचं, नळीनं नमुने काढून पेल्यांत भरायचे. आणि एक दिवस मामानं तीन पेले मांडले.

“बघू तरी, आमच्या घराण्याचं नाक उतरलंय का. कुठला कुठल्या पिंपाचा?”

तिनं वास घेतला. पहिल्यात ओली माती, दुसऱ्यात भाजलेले बदाम, तिसऱ्यात वाळत घातलेलं गवत. तिनं न अडखळता तिन्ही पिंपं सांगितली.

मामानं तिच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. मग मान हलवली. “ठोंबे, एकही बरोबर नाही.”

पुढची कितीतरी वर्षं हेच चालू राहिलं. आठवड्यातून एकदा पेले मांडले जात, ती उत्तर देई, मामा मान हलवी. “तुझ्या नाकाचा उपयोग फक्त चष्मा अडकवायला,” तो म्हणे. ती मन लावून शिकायची, कारण तिला आयुष्यात दुसरं काही नकोच होतं. तिला नाकवाली व्हायचं होतं. बाईमाणसानं नाकवालं होऊ नये असा काही नियम नव्हता. नियम एवढाच होता की नाक पाहिजे. आणि तेच आपल्याला नाही, हे मामा दर आठवड्याला सिद्ध करून दाखवत होता.

एकदा तिनं नाक सांगत होतं त्याच्या बरोबर उलट उत्तर दिलं.

“वा,” मामा म्हणाला. “चुकण्यात सुद्धा नवेपणा नाही.”

माणसाचा दुसऱ्या कशावरचा विश्वास उडाला तर तो स्वतःच्या इंद्रियांकडे वळतो. तिचा तोच विश्वास उडाला. घरी दुधाचा पेला हातात घेतला की ती दोनदा वास घ्यायची आणि मग आईला विचारायची, “आई, हे नासलंय का गं?”

“अगं, आत्ता तापवलंय.”

“तरी बघ ना.”

आई वास घ्यायची, चांगलं आहे म्हणायची, मग ती प्यायची. चुलीवर काही करपलं तर तिला सगळ्यांच्या आधी कळायचं, पण ती बोलायची नाही. उगाच आपलाच भास असेल.

“दादा, पोरीला जरा सांभाळून घे,” आई कधीतरी म्हणायची.

“सांभाळतोच आहे. घरात ठेवलीय ना? दुसऱ्या कुणी दारातही उभी केली नसती,” मामा म्हणायचा आणि पावाचा तुकडा मोडायचा.

अशात मामाला ताप आला. साधासुधा नव्हे, अंथरुणाला खिळवणारा. भाचीनं रात्रंदिवस सेवा केली. तो उठला, पुन्हा तळघरात जाऊ लागला, आणि मग एक नवल घडलं. पेल्यांची जुनी परीक्षा चालूच राहिली, पण मामाचा सूर बदलला.

“सांग ठोंबे, काय येतंय?”

“सुकं जर्दाळू येतंय. मागून तंबाखूच्या रिकाम्या डब्यासारखं काहीतरी. अजून तयार नाही वाटत.”

मामानं पेला नाकाशी नेला, डोळे मिटले, थांबला. “बरोबर.”

तो एक शब्द ऐकून ती पिंपांच्या ओळीमागं गेली आणि तिथल्या पायरीवर बसून रडली. डोळे पुसून परत आली तेव्हा मामा घराण्याच्या मालकीणबाईंना सांगत होता, “सुकं जर्दाळू, बाईसाहेब. मागं तंबाखूच्या डब्याचा वास. आणखी थोडं थांबू.” आपलेच शब्द मामाच्या तोंडी ऐकून तिला भरून आलं. तिला वाटलं, अखेर दोघांची नाकं जुळली.

हा आनंद हिवाळा येईपर्यंत टिकला. एका सकाळी मामा शेगडीपाशी शेकत बसला होता आणि त्याच्या मफलरचं टोक निखाऱ्यावर लोंबत होतं. लोकर जळल्याचा वास दुसऱ्या खोलीतून भाचीला आला. ती धावत आली तेव्हा मफलर धुमसत होता आणि मामा नाकासमोरच्या धुरात बसून वर्तमानपत्र वाचत होता.

तिनं मफलर ओढून पाण्यात टाकला. मामानं फक्त तिच्याकडे पाहिलं, आणि त्या नजरेत तिनं पहिल्यांदा भीती पाहिली. तापानं त्याचं नाक नेलं होतं.

म्हणजे त्या सगळ्या ‘बरोबर’ला काही अर्थच नव्हता. ज्याला स्वतःला काही कळत नाही तो दुसऱ्याला बरोबर काय म्हणणार? तरी तिला राग आला नाही, कीवच आली. नाक गेलेला नाकवाला म्हणजे गळा गेलेला गवई. तिनं कुणाला काही सांगितलं नाही. मामा विचारत राहिला, ती सांगत राहिली, आणि मालकीणबाई म्हणत राहिल्या की नाकवाल्यांची धार वयानं वाढतच चालली आहे.

पुढं मामाच्या निवृत्तीचं ठरलं आणि गारपिटीच्या वर्षाचं ते पिंप उघडायचा दिवस जवळ आला.

त्याआधी पिंपाचे लोखंडी पट्टे तपासायला हवेत म्हणून भाची पिंपवाल्याच्या कामाच्या जागी गेली. म्हाताऱ्याला सगळे ठोकेकाका म्हणत. तो मांडीवर पिंपाचा पट्टा घेऊन ठोकत बसला होता. आजूबाजूला लाकडाच्या ढलप्या आणि जाळलेल्या ओकचा खमंग वास.

“काय मग, उघडणार का मामाचं पिंप? आता नाव छापून येणार. आधीच जमिनीवर पाय नसतो, आता तर शिडी लावून बोलावं लागेल.”

“काका, चांगलं निघू दे म्हणजे झालं.”

“निघणारच. तू राखलंयस.” त्यानं एक ठोका मारला. “त्याला म्हणावं, निदान आता तरी पोरीला खरं सांग. जाता जाता कशाला ओझं घेऊन जातोस?”

“कसलं खरं?”

ठोकेकाका हसला. दात नसलेल्या तोंडानं, मजेत. “ते पेल्यांचं गं. तू बरोबर सांगायचीस आणि तो चूक म्हणायचा. मी आणि जुना भट्टीवाला, आम्ही दोघं पिंपांमागं उभं राहून तोंडात रुमाल कोंबून हसायचो. तू इकडे रडकुंडीला यायचीस आणि तिकडे तो आम्हाला येऊन सांगायचा, पोरीचं नाक माझ्याहून तिखट आहे रे.”

भाचीच्या हातात पट्टा मोजायची दोरी होती. ती तिनं नीट गुंडाळली.

“असं का करायचे?”

“आता का म्हणजे? कळलं असतं तर तू थांबली असतीस होय? नदीपलीकडच्या घराण्याचा माणूस तुला मागायला आला होता की. नोकरीला गं, लग्नाला नव्हे. त्याला तुझा मामा म्हणाला, तिला सडका मासा आणि गुलाब यातला फरक कळत नाही. तो बिचारा चहा पिऊन परत गेला.” हसताहसता ठोकेकाकाची नजर तिच्या चेहऱ्यावर गेली आणि हातोडी थबकली. “पोरी, तुला ठाऊक नव्हतं? मला वाटलं, एव्हाना... इतकी वर्षं झाली...”

“झाली खरी,” ती म्हणाली. “पट्टे घट्ट आहेत ना, काका? मग मी निघते.”

ती तिथून सरळ तळघरात गेली. कोपऱ्यातल्या पिंपाचं बूच काढलं, काचेची नळी आत सोडली, थोडी ब्रँडी पेल्यात घेतली. आजवर तिनं या पिंपाचा वास मामाच्या समोरच घेतला होता, आणि दर वेळी मनात घाबरत. आज पहिल्यांदा तिनं तो असा घेतला की जणू नाक तिचं स्वतःचं आहे. उन्हात तापलेलं चामडं. पिकलेलं जर्दाळू. नुकत्याच विझवलेल्या मेणबत्तीचं मेण. अक्रोडाची साल. आणि या सगळ्याच्या खाली, खोल विहिरीत पाणी चमकावं तसा, गारांनी फुटलेल्या द्राक्षांचा ओला, जखमी वास. जिवंत. इतक्या वर्षांनंतरही लाकडाला तो गिळता आला नव्हता.

असं पिंप नाकवाल्याच्या जन्मात एकदा येतं. ते तिनं पुसलं होतं, राखलं होतं, त्याचा शेवटचा ठोका तिचा होता. बाटलीवर नाव मात्र मामाचं लागणार होतं. तिनं बूच परत बसवलं.

घराण्याचा एक नियम इथं सांगायला हवा, नाहीतर पुढचं समजणार नाही. पिंप उघडायच्या दिवशी मालकानं त्याचा वास आधी घ्यायचा नाही. पहिल्या मालकाचं म्हणणं असं की मालकाच्या नाकात नफा बसलेला असतो, त्याला खराब मालही सुगंधी लागतो. म्हणून निवाडा नाकवाल्याचाच. आणि नाकवाल्यानं एकदाच बोलायचं. बोललेला शब्द फिरवायचा नाही, दुसऱ्यानं त्यावर विचारायचं नाही, नाहीतर रोज नवा निवाडा आणि रोज नवी भांडणं. ‘एकटंच भरा’ म्हटलं की बाटल्या येत. ‘हौदात’ म्हटलं की त्याच क्षणी नळी जोडली जाई.

त्या सकाळी तळघरात जाताना मामा तिला म्हणाला, “नवा नाकवाला सोमवारी येतोय. बाहेरचा आहे. बाईसाहेबांना मीच सांगितलं, घरात तसं कुणी नाही म्हणून. तू त्याच्या हाताखाली राहा, पेले वगैरे धू.”

“बरं.”

“आणि आज माझ्या शेजारी उभी राहा. आधी तुझ्या हातात पेला देईन. नेहमीसारखं नीट सांगायचं. कळलं ना?”

“कळलं, मामा.”

“लाज राख हो.” हे मात्र तो हळू म्हणाला. इतकी वर्षं तिची लाज काढणारा माणूस तिच्याकडेच लाज राखायला मागत होता आणि त्यात त्याला काही विचित्र वाटत नव्हतं.

तळघरात मालकीणबाई खुर्चीवर बसल्या होत्या. मागं कामगार, बाजूला ठोकेकाका, एका अंगाला हौदाचं झाकण आणि जाड नळीचं वेटोळं. मामानं काचेच्या नळीनं नमुना काढला आणि पेला उंच धरला. रंग असा की दिवा आत ठेवल्यासारखा.

“बाईसाहेब, जायच्या दिवशी जरा गंमत करू. आमच्या ठोंबीची शेवटची परीक्षा.” सगळे हसले. मामानं पेला तिच्या हातात दिला. “सांग गं, काय येतंय?”

तिनं वास घेतला. कालचंच सगळं तसंच होतं. ठोकेकाका तिच्याकडे बघत होता. तिनं पेला खाली केला, आणि मामाच्या सवयीनं मान हलवली, अगदी त्याच्यासारखी, डावीकडून उजवीकडे, सावकाश.

“लाकडानं द्राक्ष खाल्लं, मामा.”

हसणं थांबलं. कुणीतरी घसा खाकरला. मामानं तिच्या हातातून पेला घेतला आणि नाकाशी नेला. बघणाऱ्यांना वाटलं, नाकवाले काय तल्लीन झालेत. तिला ठाऊक होतं, त्या पेल्यात मामाला काच सोडून काही लागत नाहीये. त्यानं एक घोट घेतला. जिभेवर जाळ, घशात जाळ, बस्स. त्यानं पेल्याच्या कडेवरून तिच्याकडे पाहिलं. ती जशी वर्षानुवर्षं त्याच्या तोंडाकडे बघत आली होती, तसा आज तो तिच्या तोंडाकडे बघत होता. खरं बोलतेय का ही? आजवर कधी खोटं बोलली नाही. पण मग ती मान अशी का हलली?

त्याच्यापुढं तीन वाटा होत्या. भाचीला चूक म्हणावं आणि पिंप एकटंच भरायला सांगावं. पण ती खरी निघाली तर आपल्या नावाच्या बाटलीतून लाकडाचा काढा गावोगाव जाणार, आणि मेल्यावरही लोक हसणार. किंवा खरं सांगावं, की मला वास येत नाही, दुसऱ्या कुणाला तरी बघू द्या. किंवा नेहमीसारखे तिचेच शब्द आपले म्हणून सांगून टाकावे. ती या तिसऱ्या वाटेकडे डोळा ठेवून उभी होती. मधली वाट तो धरणार नाही हे तिला ठाऊक होतं. जन्मभर त्यानं नाकावर माशी बसू दिली नव्हती.

“दुर्दैव, बाईसाहेब,” मामा म्हणाला. “लाकडानं द्राक्ष खाल्लं. हौदात.”

मालकीणबाईंनी नुसती मान डोलावली. ठोकेकाकाच्या हातातली नळी तशीच राहिली. त्यानं भाचीकडे पाहिलं, तिनं त्याच्याकडे. त्याला सगळं समजलं. तोंड उघडायचं तर सगळंच उघडावं लागणार होतं, पिंपांमागचं हसणंसुद्धा. त्यानं वाकून नळी जोडली.

धार हौदात पडू लागली आणि तळघर भरून गेलं.

कुणालाच नाकवाला असायची गरज नव्हती. मागं उभा असलेला गाडीवान सुद्धा मान उंचावून हुंगायला लागला. एक कामगार नकळत डोळे मिटून उभा राहिला. मालकीणबाई खुर्चीतून अर्धवट उठल्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर असं काही आलं जसं कुणाची जुनी हाक ऐकू यावी. मामाला वास येत नव्हता, पण डोळे शाबूत होते. तो एकेक चेहरा वाचत गेला.

“नाकवाले,” मालकीणबाई म्हणाल्या, “हा वास लाकडाचा आहे?”

या घटकेलाही नळी उपटता आली असती. अर्ध्याहून जास्त पिंप अजून भरलेलं होतं. मामाचे ओठ हलले.

“एकदा बोललो, बाईसाहेब.”

“हो,” त्या म्हणाल्या आणि खाली बसल्या. “एकदाच बोलायचं असतं.”

मामा भाचीकडे झुकला. कुणाला ऐकू जाणार नाही इतक्या हळू त्यानं विचारलं, “काय येतंय?”

तिनं त्याच्या कानाशी तोंड नेलं. शिकवलेलं म्हणून दाखवावं तसं, एकेक शब्द सुटा करून, तिनं सांगितलं. “तापलेलं चामडं, मामा. पिकलेलं जर्दाळू. विझलेल्या मेणबत्तीचं मेण. अक्रोडाची साल. आणि तळाशी त्या वर्षीची द्राक्षं, गारांनी फुटलेली. अजून ओली आहेत.” ती थांबली. “बरोबर ना?”

“थांबव,” मामा पुटपुटला. “ठोंबे, थांबव ते.”

“तुम्ही सांगा. माझ्या नाकाचा उपयोग काय, चष्मा अडकवायला.”

धार बारीक झाली, थेंबांवर आली, थांबली. आता ती ब्रँडी हौदात कालच्या-परवाच्या स्वस्त ब्रँडीत मिसळली होती, आणि जगातलं कुठलंही नाक तिला पुन्हा वेगळी काढू शकणार नव्हतं. ठोकेकाकानं रिकाम्या पिंपावर सवयीनं एक ठोका मारला. आवाज पोकळ आला.

जाताना मालकीणबाई भाचीसमोर थांबल्या.

“तू आधी वास घेतलास. तूच म्हणालीस ना, द्राक्ष खाल्लं म्हणून?”

“हो, बाईसाहेब.”

त्यांनी तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. “मामा सांगत होते ते खरंच म्हणायचं,” त्या म्हणाल्या आणि पायऱ्या चढून गेल्या.

हे होणार हे तिला माहीत होतं. मामाचं नाक कापायचं तर त्याच सुरीनं आपलंही कापलं जाणार, हे पेला हातात घेतानाच तिला दिसत होतं. ती आता सगळ्यांच्या देखत, पुराव्यानिशी ठोंबी झाली होती. नदीपलीकडच्या घराण्यातही ही गोष्ट आठ दिवसांत पोचणार होती. सोमवारी नवा नाकवाला आला, हौदाचा वास घेतला आणि म्हणाला, “यंदा हौदाला काहीतरी लागलंय बुवा. हे कुठून आलं?” भाची पेले धूत होती.

मामा त्या दिवसापासून घरातच असतो. आई विचारते, दादा, बरं वाटत नाही का, तर भिंतीकडे तोंड करतो.

परवा संध्याकाळी आई शेजारी गेली होती म्हणून भाचीनंच दूध तापवून त्याच्यापुढं ठेवलं. त्यानं पेला उचलला, जुन्या सवयीनं नाकाशी नेला आणि तसाच धरून राहिला.

“हे नासलंय का?” त्यानं विचारलं.

भाचीनं पेला घेतला. वास घेतला. दूध ताजं होतं, गोड होतं, त्यावर नुकती साय धरत होती. तिनं पेला त्याच्यासमोर परत ठेवला.

“चांगलं आहे, मामा.”

त्यानं तिच्या तोंडाकडे पाहिलं. खूप वेळ पाहिलं. मग पेला हळूच दूर सारला.

भाचीनं तो उचलला आणि त्याच्यासमोर उभी राहून शेवटच्या थेंबापर्यंत पिऊन टाकला.